मोजपट्टी घेऊन मेणाच्या माणसांत

सुताराकडे असते तशी तीन मीटरची स्टीलची टेप माझ्या मुलाने पँटच्या खिशात घालून आणली होती, हे मला पहिल्याच पुतळ्यापाशी कळलं. 'सट्' असा आवाज आला. वळून बघते तर टेप गुंडाळून परत आत गेली होती आणि तिथली सुरक्षारक्षक बाई माझ्याकडे बघत होती. मुलाकडे नाही, माझ्याकडे. "खिशात राहू दे. परत बाहेर आली तर मी ठेवून घेईन," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. तिला दिवसातून अशी किती पोरं भेटत असतील कोण जाणे.

बरोबर चार पोरं होती आणि चौघांची वयं चार दिशांना. भाची पंधराची, भाचा तेराचा, माझा मुलगा नऊचा आणि धाकटी पाचची. नवराही होता, पण तो अशा ठिकाणी पिशव्या सांभाळणं आणि स्वच्छतागृह शोधणं एवढीच खाती स्वतःकडे घेतो. मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय ही मुळात भाच्याची कल्पना. त्याला खेळाडूंबरोबर फोटो हवे होते. भाचीने "ठीक आहे" म्हटलं. पंधराव्या वर्षी "ठीक आहे" म्हणजे होकार की निषेध, ते तोंडाकडे बघून ठरवायचं असतं आणि तोंड फोनमागे होतं.

तिकिटं आधीच ऑनलाइन काढली होती, सकाळची पहिली वेळ धरून. लवकर उठवल्याबद्दल मोठ्यांची बरीच बोलणी खाल्ली, पण पुढे जे काही बरं झालं ते त्या पहिल्या वेळेमुळेच.

माझी चूक आदल्या रात्रीची. धाकटीला मी सांगितलं होतं, "मेणाच्या बाहुल्या बघायला जायचंय." तिने बाहुल्या धरल्या त्या मांडीवर घेण्याच्या मापाच्या. पहिल्या दालनात शिरलो तर समोर पुरुषभर उंचीचा सुटाबुटातला माणूस हात पुढे करून उभा. ती त्याच्यासमोर थांबली आणि वाट बघू लागली. कसली, ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं, तो पापणी कधी लववतो याची. अर्धा मिनिट, एक मिनिट. तिचे स्वतःचे डोळे पाण्याने भरले, कारण तीही पापणी लववत नव्हती. शेवटी हरली आणि माझ्या ओढणीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, ते काका मेलेत का?"

या भीतीला शास्त्रात जागा आहे. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाने १९७० मध्ये लिहून ठेवलं आहे की माणसासारखी दिसणारी वस्तू जितकी माणसाच्या जवळ जाते तितकी ती आवडत जाते, पण अगदी जवळ पोचून थोडी कमी पडली की आवड एकदम दरीत कोसळते आणि शिसारी येते. पाच वर्षांच्या पोरीला हे सांगून उपयोग नव्हता. "मेणबत्तीचं असतं ना, तसलंच मेण आहे" हेही सांगून पाहिलं. मेणबत्तीला डोळे नसतात, असं उत्तर आलं. बरोबरच होतं.

तोडगा निघाला तो दुसऱ्या दालनात. तिथे एक कर्मचारी बाई खुर्चीत बसवलेल्या एका पुतळ्याचे कान साफ करत होती. हातात चित्रकाराचा मऊ ब्रश. आधी कानाच्या पाळीमागची धूळ, मग कानातली, मग कॉलरच्या आतली. धाकटी माझ्यामागून अर्धी बाहेर आली.

"त्यांना गुदगुल्या होत नाहीत?"

"इतक्या वर्षांत एकदाही हसले नाहीत," बाई म्हणाली, काम न थांबवता. मग तिने पुतळ्याच्या हाताकडे बोट दाखवलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी केसासारखी बारीक रेघ होती, रंग जुळवून बुजवलेली. "सगळे येऊन हात मिळवतात ना, मग अंगठा निघतो. परत बसवायला लागतो." गालावरचे लिपस्टिकचे डागही रोजचेच, असं तिने भाचीकडे बघत डोळे मिचकावून सांगितलं. भाची पहिल्यांदा हसली.

अंगठा निघतो, हे ऐकल्यावर धाकटीची भीती गेली ती गेलीच. अंगठा निघणाऱ्या माणसाला काय घाबरायचं? त्यानंतर ती प्रत्येक पुतळ्याचे हात बघत सुटली. तिच्या उंचीवरून चेहरे दिसतही नव्हते धड, हातच समोर येत होते. मी तिच्याबरोबर वाकून पाहिलं आणि चकित झाले. चेहरे काही बरे, काही ओढूनताणून, पण हात मात्र बहुतेक सगळे जिवंत. नखांखालचा फिकट चंद्र, बोटांच्या सांध्यांवरच्या सुरकुत्या, मनगटावरची निळसर शीर. याचं कारण सोपं आहे. चेहरा शिल्पकार मातीत घडवतो, हाताचा मात्र जमेल तिथे त्या माणसाच्या हातावरून थेट ठसा घेतात. दातांच्या डॉक्टरकडे तोंडात जो गार लगदा घालतात ना, समुद्री शेवाळापासून केलेला, त्याच जातीचा.

पुढे पुतळा कसा होतो ते दाखवणारं एक दालन होतं आणि तिथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. खरं तर मी ते शेवटी ठेवणार होते. आता कुणी विचारलं तर सांगेन, लहान मुलं असतील तर आधी तिथेच जा.

ज्याचा पुतळा करायचा तो माणूस हयात असेल आणि बसायला तयार असेल, तर त्याची अडीचशेच्या आसपास मापं घेतात. डोळ्यांतलं अंतर, कानाची लांबी, गुडघ्याचा घेर, सगळं. शिवाय सगळ्या बाजूंनी फोटो. लोखंडी सांगाड्यावर माती चढवून आकृती तयार होते. डोक्याच्या मातीवरून प्लास्टरचा साचा काढायचा, त्यात वितळलेलं मेण ओतायचं, साच्याला लागून असलेला थर थिजला की आतलं पातळ मेण परत ओतून घ्यायचं. म्हणजे डोकं आतून पोकळ. डोळे त्या पोकळीतून आतल्या बाजूने बसवायचे. मग केस. टोप नाही, खरे केस, सुईने एकेक करून मेणात रोवलेले, ज्या दिशेला उगवतात त्या दिशेला वळवून. नुसत्या डोक्याच्या केसांना कित्येक आठवडे जातात. रंगही एकदम नाही, पातळ हात एकावर एक, कारण आपली कातडीसुद्धा एकरंगी नसते. कपड्यांखालचं अंग बहुधा फायबरग्लासचं. थोडक्यात, मेणाचा माणूस फक्त दिसतो तेवढाच मेणाचा असतो.

माझ्या मुलाला यातली एकच गोष्ट चिकटली. मेण थंड होताना आक्रसतं, म्हणून मातीची मूळ आकृती खऱ्या मापापेक्षा साधारण दोन टक्क्यांनी मोठी करतात. "म्हणजे मुद्दाम चुकीचं माप घेतात, मग ते बरोबर येतं?" हे त्याला इतकं आवडलं की पुढचा तासभर तो ते येईल त्याला ऐकवत होता.

टेप खिशात गेल्यामुळे त्याने दुसरी युक्ती काढली होती. त्याची वीत पंधरा सेंटिमीटर, हे त्याने घरीच मोजून ठेवलेलं. दोरीच्या अलीकडे उभं राहून एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि पुतळा विती मोजत वर चढायचा. अशाने माप येत नाही, लांबून सगळंच लहान दिसतं, हे मी सांगणार होते, पण त्याचं त्यालाच कळलं. मग तो सरळ पुतळ्याशेजारी जाऊन उभा राहू लागला आणि आपलं डोकं त्याच्या कुठल्या गुंडीपाशी येतं ते बापाला विचारू लागला.

यात एक खोच आहे. पुतळा चौथऱ्यावर असतो, पायात टाचेचे बूट असतात. पण ते वजा केलं की जे उरतं ते खरं माप, आणि ते इतर कुठेच बघायला मिळत नाही. पडद्यावर सगळे सारखेच मोठे, फोटोत सगळे सारखेच लहान. सचिन तेंडुलकर १६५ सेंटिमीटर, हे माहीत असतं आपल्याला. भाच्यालाही माहीत होतं, तो असले आकडे झोपेत सांगतो. पण पुतळ्याशेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा जवळजवळ लागला, आणि त्याचा चेहराच बदलला. फोटोसाठी दोन बोटं वर करायची तयारी चालली होती, ती तशीच राहिली. "मावशी, एवढाच?" एवढंच म्हणाला, पण ते कमी लेखून नव्हतं. मग आपल्या बुटांकडे बघितलं, परत सचिनकडे. "म्हणजे समोरून येणारा बॉल त्याला माझ्याइतक्याच उंचीवरून दिसायचा." यावर मला काही सुचलं नाही.

गांधीजीही त्याच उंचीचे निघाले. लिंकन मात्र १९३ सेंटिमीटर. मुलाचं डोकं त्याच्या कोटाच्या तिसऱ्या गुंडीला. आणि नेपोलियन! तो बुटका होता असं चौघांनीही एका सुरात सांगितलं, आणि शेजारी जाऊन उभे राहिले तर तो चांगला त्यांच्या काकाएवढा. मला ही गोष्ट माहीत असल्याने मी थोडा भाव खाल्ला. त्याची उंची ५ फूट २ इंच नोंदवली गेली ती जुन्या फ्रेंच मापात. तो इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा. आजच्या हिशेबात ते १६८-१६९ सेंटिमीटर होतात, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने अजिबात कमी नाही. मोजपट्टीच्या घोटाळ्याने एक सम्राट दोनशे वर्षं बुटका राहिला, हे ऐकून मुलगा खिशातल्या टेपवरून हात फिरवू लागला.

सगळे पुतळे काही चांगले नव्हते. तीन-चार तर असे होते की पाटी वाचल्याशिवाय कोण ते कळू नये. पण त्यातून भाचीने एक खेळ काढला. एकाने पुढे जाऊन पाटीवर हात ठेवायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. खेळता खेळता लक्षात आलं की आपण चेहरा ओळखतच नाही. टोपी, मिशी, काठी, उभं राहायची ढब यांवरून ओळखतो. चॅप्लिनला धाकटीने पाठमोरा ओळखला, आणि तिने त्याचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. ज्याच्याकडे असली खूण नाही तो बिचारा कितीही हुबेहूब असो, कोणी ओळखत नाही.

लिंकनच्या चेहऱ्याची गोष्ट भाचीने फोनवर शोधली. तोंड फोनमागे असण्याचा हा पहिला फायदा. तो जिवंत असताना त्याच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापून दोनदा मुखवटा घेतला होता, एकदा १८६० मध्ये, राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी, आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारी १८६५ मध्ये, खून होण्याच्या दोन महिने आधी. तिने दोन्ही मुखवट्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. मधे फक्त पाच वर्षं. दुसऱ्यात गाल आत गेलेले, डोळ्यांखाली खळगे. "यादवी युद्ध," ती म्हणाली. शाळेत नुकतंच झालं असावं.

एका अभिनेत्रीच्या पुतळ्यापाशी ती बराच वेळ एकटीच उभी होती. मी लांबून बघत होते. तिने फोटो काढला नाही. जवळ गेले तर म्हणाली, "हिच्या मानेवर तीळ आहे बघ. आणि कपाळावर ही रेघ. फोटोत कधीच नसते." स्वतःच्या कपाळावर बोट फिरवलं आणि पुढे गेली. मी काही बोलले नाही, बोलले असते तर सगळं बिघडलं असतं.

दरम्यान भाचा गायब. तेरा वर्षांचा मुलगा मेणाच्या संग्रहालयात जे करणार तेच तो करत होता. दोन पुतळ्यांच्या मधे, हाताची घडी घालून, नजर शून्यात लावून निश्चल उभा. दोन-तीन जण फसले, एकाने फोटोही काढला. मग एक वयस्क आजी आल्या, चष्मा वर करून अगदी जवळून त्याचा चेहरा न्याहाळला आणि मागे वळून आजोबांना म्हणाल्या, "अहो, हे बघा, मुरुमसुद्धा केलेत! काय बारकाईचं काम आहे." पुतळा तिथेच फुटला. आजी किंचाळल्या, आजोबा हसून हसून बाकावर बसले. चेहऱ्यावरच्या मुरुमांवरून गेले दोन महिने आरशासमोर अडून बसणारा हा मुलगा नंतर ती गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगत होता, ऐकणारा बदलला की मुरुम वाढवत.

यानंतर भीतीचं दालन. बाहेर सूचना होती, लहान मुलांना नेऊ नये. आम्ही दोन गट केले. नवरा दोन लहानांना घेऊन पुढे गेला, मी मोठ्यांना घेऊन आत. मुलगा चिडला, नऊ म्हणजे लहान नाही असं त्याचं म्हणणं. मी बधले नाही आणि आत गेल्यावर बरं वाटलं. मंद लाल उजेड, जमिनीतून आल्यासारखा आवाज, टोपलीत कापलेलं शिर. भाच्याने फुशारकीने पुढे पाऊल टाकलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या पर्सचा पट्टा धरला. पट्टा बाहेर येईपर्यंत सुटला नाही.

भाची मात्र थांबून पाटी वाचत होती. मेणाच्या पुतळ्यांची गोष्ट मादाम तुसाँपर्यंत जातेच. १७६१ साली स्ट्रासबर्गला जन्मलेली मारी. तिची आई ज्या डॉक्टरकडे घर सांभाळायला होती तो फिलिप कुर्टियस शरीरशास्त्रासाठी मेणाचे अवयव करायचा, त्याच्याकडून ती शिकली. फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली तेव्हा सत्तावीस वर्षांची. गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर गेलेल्यांचे मुखवटे आपल्याला काढायला लावले, असं तिने आठवणींत सांगितलं आहे. त्यातलं सगळंच इतिहासकार मान्य करत नाहीत. १८०२ मध्ये ती पुतळे आणि चार वर्षांचा थोरला मुलगा घेऊन इंग्लंडला गेली, नवरा आणि धाकटा मुलगा मागे राहिले. फ्रान्सला परत गेलीच नाही. तेहतीस वर्षं गावोगाव खेळ मांडत फिरली, मग १८३५ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर पक्की जागा घेतली. स्वतःचा पुतळा केला तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती.

"ज्यांना ती ओळखत होती त्यांचीच डोकी?" भाचीने विचारलं.

"तिच्या म्हणण्याप्रमाणे, काही जणांची."

"मग नाही म्हणायचं ना."

"तर तिचंही गेलं असतं."

भाची थोडा वेळ गप्प. "आणि तो धाकटा? तो किती वर्षांचा होता?" दोनेक वर्षांचा, मी म्हटलं. मोठा झाल्यावर आईकडे गेला, पुढे दोघे भाऊ तिच्याच धंद्यात आले. यावर तिचा चेहरा "ठीक आहे" म्हणतानाचा झाला, पण फोन खाली होता.

बाहेर पडण्याच्या वाटेवर ते फोटोवाले असतातच. आत शिरताना हिरव्या पडद्यासमोर उभं करून फोटो काढतात आणि जाताना तो चकचकीत चौकटीत घालून तुमच्या हातात देतात. हातात दिलेली वस्तू पोरांसमोर परत करायची म्हणजे कसोटी. आमच्या फोटोत धाकटीचं तोंड माझ्या ओढणीत होतं, त्यामुळे तो मोह टळला.

मेणाचा हात करून देणाऱ्या टेबलापाशी मात्र मी हरले. आधी हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, अगदी झिणझिण्या येईपर्यंत, मग सोसवेल इतक्या गरम पातळ मेणात बुडवून लगेच वर, परत आत, परत वर. प्रत्येक वेळी एक थर. गार कातडीमुळे चटका बसत नाही आणि मेण चिकटतही नाही. शेवटी मनगटापाशी कडा सैल करून हात सोडवून घ्यायचा. मूठ वळली तर हात आतच अडकेल, असं तिथल्या मुलाने आधीच बजावलं. धाकटीला एकटीचा हात नको होता, माझा हात धरलेला हवा होता. तो मुलगा म्हणाला, होईल, पण काढायला अवघड. बर्फाच्या पाण्यात तिची बोटं माझ्या हातात आणखी बारीक झाल्यासारखी वाटली. सातव्या बुडीनंतर आमचे दोन हात मिळून एकच पांढरा गोळा झाला होता. आधी तिचा हात सुटला, बुळबुळीत माशासारखा. माझा सोडवताना करंगळीपाशी कड मोडली, ती त्याने परत गरम मेणाने जोडली. मला अंगठेवाली बाई आठवली.

चुकलो ते गाडीत. ते हात मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवले आणि वाटेत तासभर सगळे उतरलो. ऊन थेट काचेवर. परत आलो तेव्हा मेण वितळलं नव्हतं, पण बसलं होतं. तिची बोटं माझ्या बोटांत रुतून दोन्ही हातांचा मिळून एक जाड, मेणचट पंजा झाला होता. मला वाटलं आता रडारड. धाकटीने तो पंजा मांडीवर घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"यातलं माझं बोट कुठलं?"

"थांब, मोजू," मुलगा म्हणाला, आणि गाडीत 'सट्' असा आवाज झाला.